अकरा फ्रेम

सहा सेकंदांची म्हैस करायची होती.
चोवीस फ्रेमचा एक सेकंद,
म्हणजे एकशे चव्वेचाळीस म्हशी, एकीतून दुसरी सरकणारी.
तोंडवळीत, काजूच्या गोदामावरच्या खोलीत,
वीज जाईल या धास्तीने दर पाच मिनिटांनी सेव्ह करत
मी तिची हाडं जोडली:
फऱ्याचं रुंद हाड, बरगड्या,
शेपटीचे मणके शेवटच्या गोंड्यापर्यंत.
वर कातडं ओढलं, विरळ केस पेरले,
शिंगांवर सुकलेला चिखलसुद्धा.
दिसायला अगदी म्हैस.
चालायला लागली,
आणि जमिनीने तिची दखलच घेतली नाही.

हैदराबादहून शेरा आला: वजन नाही.
मी आकडा वाढवला. पाचशे किलो. सहाशे.
पुन्हा तोच शेरा.

दुधाचा हिशेब घेऊन आलेला येसू धुरी
दारातूनच पडद्याकडे बघत म्हणाला,
“हिच्या पोटात काय भरलंस गो? कापूस?”

मग आठ दिवस मी खाजणात.
येसूची बायजा पुढे, मागे मी,
फोन प्लास्टिकच्या पिशवीत, चप्पल हातात.
पाऊल उचलण्याआधी खांदा वर येतो,
आतून कुणी भाताची गोण सरकवावी तसा.
मागचा पाय पुढच्या पायाच्याच खड्ड्यात पडतो,
न बघता.
म्हैस थांबते, पोट थांबत नाही,
ते दोनदा झुलून मग थांबतं.
माशी बसली तर
तेवढंच वीतभर कातडं थरथरतं,
बाकीच्या म्हशीला पत्ता नसतो.
आणि चिखल पाय सोडतो तेव्हा आवाज होतो,
पण त्याआधी क्षणभर काहीच होत नाही.
ते काहीच न होणं
मी कधी मोजलं नव्हतं.

“हात ठेव हंयसर,” येसू म्हणाला.
मी फऱ्यावर हात ठेवला. त्याने तिला टिचकी दिली.
तळहाताखालून होडी जावी तसं काहीतरी गेलं,
ओलं, ऊनऊन, शेणाच्या वासाचं,
आणि मला बाजूला व्हावं लागलं.

घरी येऊन सगळं पुसलं.
पायांपासून नाही, या वेळी चिखलापासून सुरुवात केली.
पाय किती आत जाईल ते आधी ठरवलं,
मग बाकीची म्हैस.

नवव्या दिवशी येसूला बोलावलं.
तो स्टुलावर बसला नाही, उकिडवा बसला,
गोठ्यात बसतो तसा.
दुसऱ्या सेकंदाला त्याची मान तिच्याबरोबर हलू लागली.
चौथ्याला म्हणाला, “आता ही थांबतली.”
ती थांबली नाही. तिला थांबायला मी सांगितलंच नव्हतं.
“कित्याक थांबतली?”
येसूने पडद्यावर बोट टेकवलं,
कांदळाच्या जाळीशी, जिथे मी नुसता हिरवा रंग भरला होता.
“थंय रेडकू रुतला तिचा. वर भरती इली.”
मग हिशेबाची वही उघडून
बारा लिटरचे पैसे सांगितले.

त्या रात्री मी अकरा फ्रेम वाढवल्या.
मान डावीकडे, अर्धीच.
कान आधी, मग डोळा, मग मान.
मग पुढे.

उत्तर आलं: चाल उत्तम.
मागे का बघते? कथेत नाही. काढा.

काढल्या.
आता ती कुठल्याशा राजाच्या स्वारीत
धुळीच्या लोटामागून दोन सेकंद जाते,
डोळ्यांत तेल घालून बघितलं तर दिसते.

काढलेल्या अकरा फ्रेम एका फोल्डरमध्ये आहेत.
फोल्डरला नाव दिलेलं नाही.

संध्याकाळी खिडकीखालून बायजा जाते.
जाळीशी आली की मी मोजायला लागते:
कान. डोळा. मान.
अकरा होतात. चोवीस होतात.
येसू पुढे जाऊन थांबलेला असतो, हाक मारत नाही.
शंभराच्या आसपास
माझी मोजणी चुकते.